तुमचा आक्षेप बरोबर आहे, पण तो मे महिन्यातला नाही

पत्र (संक्षिप्त करून) : मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. पुण्यात असताना महाविद्यालयाच्या संघातून बास्केटबॉल खेळलो आहे आणि इथे आल्यापासून न्यूयॉर्क निक्सचा सामना सहसा चुकवत नाही. यंदा प्रशिक्षक टॉम थिबोडो यांच्या हट्टापायी हातातोंडाशी आलेला घास गेला, असे माझे ठाम मत आहे. तेच पाच खेळाडू, तेही दमून जाईपर्यंत. बाकावरच्या मुलांवर विश्वास नाही. जॉश हार्टला सुरुवातीच्या पाचांत ठेवण्याचा अट्टहास. आणि मला सोफ्यावरून जे दिसते ते त्यांना दिसायला मालिकेतले पहिले दोन सामने हरावे लागतात. सामना चालू असताना मी मोठमोठ्याने बोलतो, हे मला मान्य आहे. माझा १४ वर्षांचा मुलगा पूर्वी शेजारी बसून सामने पाहायचा. आता तो स्वतःच्या खोलीत फोनवर पाहतो. त्याला वाढदिवसाला घेतलेली हार्टची ३ क्रमांकाची जर्सीही हल्ली त्याच्या अंगावर दिसत नाही. पत्नी म्हणते, दोष प्रशिक्षकाचा असो वा नसो, शिक्षा घराला होते आहे. मी चुकतो आहे का, आणि हा राग आवरावा कसा?
— एक निक्सप्रेमी, एडिसन

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रावर १ जून २०२५ ही तारीख आहे, म्हणजे निक्स इंडियाना पेसर्सकडून सातपैकी चार सामने जिंकण्याच्या मालिकेतला सहावा सामना १२५-१०८ असा हरले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ जूनला, संघाने थिबोडो यांना पदावरून दूर केले. प्रशिक्षक बदला ही पत्रातली तुमची मागणी अशा रीतीने उत्तर पोहोचण्याआधीच पुरी झाली आहे. तरीही तुमचा प्रश्न सुटला असे मला वाटत नाही, कारण ऑक्टोबरात नवा मोसम सुरू होईल, नवा प्रशिक्षकही कोणाला तरी बसवेल आणि कोणाला तरी दमवेल, आणि तुम्ही त्याच सोफ्यावर असाल. म्हणून तुमचे आक्षेप खेळाच्या अंगाने नीट तपासून पाहू या, आणि मग घराचे बोलू. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. तुमच्यासारख्या खेळलेल्या माणसाला ‘शेवटी हा एक खेळच तर आहे’ असे सांगणे म्हणजे त्याचे म्हणणे ऐकूनच न घेणे होय, आणि त्याने कोणाचाही राग आजवर शांत झालेला नाही.

प्रथम हार्टविषयी, कारण तुमच्या पत्राचा जीव तिथे आहे. जेलन ब्रन्सन, जॉश हार्ट, मिकाल ब्रिजेस, ओ. जी. अनुनोबी आणि कार्ल-अँथनी टाउन्स हे पाच जण यंदाच्या साखळी मोसमात ९४० मिनिटे एकत्र खेळले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही पाच जणांनी इतका वेळ एकत्र काढला नाही. मोसमाच्या पूर्वार्धात या पाचांनी गुणांचा पाऊस पाडला, आणि त्याचे कारण उघड होते : टाउन्स हा उंचीने सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सर्वांत उंच गडी, असूनही तीन गुणांची फेक शंभरात बेचाळीस वेळा घालणारा खेळाडू आहे, त्यामुळे त्याला अडवायला प्रतिस्पर्ध्यांच्या सेंटरला बास्केट सोडून दूरवर यावे लागे, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत ब्रन्सन घुसत असे. नव्या वर्षात मात्र एकामागून एक संघांनी यावर तोड काढली. त्यांनी आपला सेंटर टाउन्सवरून काढून हार्टवर लावला आणि टाउन्सवर एखादा चपळ, मध्यम उंचीचा खेळाडू दिला. हार्टची लांबची फेक साधारण, म्हणजे तीनातून एक. तेव्हा त्याला दहा फुटांवर मोकळे सोडून तो सेंटर बास्केटखाली ठाण मांडून बसू लागला. ब्रन्सन घुसला की समोर भिंत, आणि टाउन्सने ब्रन्सनची वाट मोकळी करायला त्याच्या बचावपटूपुढे अडथळा लावला की दोघे बचावपटू आपापसांत गडी बदलून मोकळे. जे दार टाउन्समुळे उघडले होते, ते हार्टच्या बाजूने पुन्हा बंद झाले.

तुम्ही पत्रात हे तीन ओळींत आणि अचूक लिहिले आहे. बास्केटबॉल समजणाऱ्या माणसाचे ते निरीक्षण आहे आणि त्याला रागाचा उद्रेक म्हणून बाजूला सारण्याचे काहीच कारण नाही. राखीव सेंटर मिचेल रॉबिन्सनला सुरुवातीला घेऊन हार्टला बाकावरून आणावे, ही तुमची सूचनाही योग्यच होती. पेसर्सविरुद्ध तिसऱ्या सामन्यात थिबोडो यांनी नेमके तेच केले आणि इंडियानापोलिसमध्ये वीस गुणांनी मागे पडूनही निक्स १०६-१०० असे जिंकले.

आता मी तुमच्याशी असहमत आहे ती जागा सांगतो. तुमचा आरोप असा की दोन सामने हरेपर्यंत त्यांना हे दिसले नाही, आणि हा निव्वळ हट्ट होता. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय तुमच्या रागाला योग्य जागा मिळणार नाही.

चालू मालिकेत सुरुवातीची फळी मोडणे हा निर्णय बाहेरून वाटतो तितका हलका नसतो. २०१५च्या अंतिम मालिकेचे उदाहरण घ्या. गोल्डन स्टेटचे स्टीव्ह कर क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असे मागे पडले, तेव्हा त्यांनी सेंटर अँड्रू बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवात दिली. ती कल्पना निक युरेन नावाच्या त्यांच्या एका तरुण सहायकाची होती. पुढचे तिन्ही सामने जिंकून ते विजेते झाले आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. त्याआधी २०११ मध्ये डॅलसचे प्रशिक्षक असलेल्या रिक कार्लाइल यांनी मायामीविरुद्ध १-२ अशा पिछाडीवर चौथ्या सामन्यात छोट्या चणीच्या जे. जे. बरेआला सुरुवातीच्या पाचांत आणले आणि पुढचे तिन्ही सामने खिशात घातले. हेच कार्लाइल यंदा पेसर्सचे प्रशिक्षक म्हणून तुमच्या समोर होते. या दोघांना आज द्रष्टे म्हणतात, पण दोघांनीही बदल केला तो दोन सामने हरल्यावरच. थिबोडो यांनीही दोन पराभवांनंतरच केला. म्हणजे मालिकेच्या हिशेबात ते या दोघांपेक्षा एक दिवसही उशिरा जागे झाले नाहीत.

मग वाट का पाहतात? रॉबिन्सनचेच पाहा. घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो मोसमाचा बहुतेक काळ बाहेर होता. तो २८ फेब्रुवारीला परतला आणि साखळीत केवळ १७ सामने खेळला. त्याला किती मिनिटे सोसतील याचा हिशेब वैद्यकीय पथकाचा असतो आणि तो आपल्याला दूरचित्रवाणीवर दिसत नाही. शिवाय फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक, ही त्याची जुनी दुखरी जागा आहे. बॉस्टनने मागच्याच मालिकेत त्याला मुद्दाम फाउल करकरून रेषेवर पाठवले आणि निक्सचे आक्रमण ठप्प केले. असा खेळाडू सुरुवातीलाच घेतला तर ही युक्ती पहिल्या पावापासून (सामन्याच्या पहिल्या बारा मिनिटांपासून) सुरू होऊ शकते, याचा विचार प्रशिक्षकाला करावाच लागतो. आणखी एक गोष्ट तुम्ही खेळाडू राहिलात म्हणून तुम्हाला ठाऊक असेल : ज्याला आपण बसवतो तो दुसऱ्या दिवशी सरावाला समोर उभा असतो. निक्सने नुकतेच गतविजेत्या बॉस्टनला ४-२ असे हरवले होते. पहिल्या दोन सामन्यांत, दोन्ही वेळा बॉस्टनच्या मैदानावर, वीस गुणांची पिछाडी भरून काढली होती, आणि २००० नंतर प्रथमच निक्स ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पूर्व गटाच्या, अंतिम फेरीत पोहोचले होते. ज्या पाचांनी हे केले त्यांतला एक जण पहिल्या पराभवानंतर लगेच काढायचा, तर उरलेल्या चौघांना काय सांगायचे?

आणि इथे तुमचा आरोप मला नुसता खोडायचा नाही, तर त्याला त्याची खरी जागा द्यायची आहे. थिबोडो यांना मालिकेत उशीर झाला नाही. त्यांना मोसमात उशीर झाला. प्रतिस्पर्ध्यांचा सेंटर हार्टवर उभा राहू लागला तो जानेवारीत. रॉबिन्सन परतला फेब्रुवारीच्या अखेरीस. त्यानंतर साखळी संपायला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत टाउन्स आणि रॉबिन्सन यांना एकत्र खेळवून पाहायला, दोन उंच माणसे कोर्टवर असताना चेंडू कसा फिरतो, परतीच्या धावेत कोण मागे राहतो, हे शिकून घ्यायला भरपूर संधी होती. ती फारच थोडी वापरली गेली. त्यामुळे मे महिन्यात बदल करावा लागला तेव्हा तो सराव न झालेला बदल होता. मालिकेच्या ऐन मध्यात प्रयोग करणे जोखमीचे असते हे खरे, पण ती जोखीम मोठी होते ती आधी प्रयोग न केल्यामुळे. माझ्या मते थिबोडो यांच्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे, आणि तो मार्चमधला आहे. तुम्ही ओरडत होता मे महिन्यात.

दुसरा आक्षेप मिनिटांचा. बास्केटबॉलमध्ये ४८ मिनिटे आणि पाच जागा, म्हणजे प्रत्येक सामन्यात प्रशिक्षकाच्या हाती वाटायला २४० मिनिटे असतात. थिबोडो ती फार थोड्यांत वाटतात, ही ख्याती त्यांच्या शिकागो बुल्सच्या दिवसांपासूनची आहे. यंदा हार्ट सामन्यामागे सरासरी ३७.६ मिनिटे खेळला, लीगमध्ये सर्वाधिक. ब्रिजेसने सर्व ८२ सामने मिळून ३,०३६ मिनिटे काढली, आणि एकूण मिनिटांत तो सर्वांच्या पुढे राहिला. मार्चमध्ये ब्रिजेसने पत्रकारांना सांगितले की मिनिटांबाबत आपण प्रशिक्षकांशी बोललो आहोत, बाकावर चांगले खेळाडू आहेत आणि इतका वेळ खेळणे शरीराला नेहमीच सुखाचे नसते. थिबोडो म्हणाले, असे बोलणे झालेच नाही. त्या दोघांत प्रत्यक्षात काय घडले यापेक्षा मला हे अधिक खटकले की कारकिर्दीत एकही सामना न चुकवणारा, अबोल स्वभावाचा खेळाडू जाहीरपणे हे म्हणतो आणि त्यानंतरही वाटपात फारसा फरक पडत नाही. त्या आठवड्यात तुम्ही चिडला असाल, तर ती चीड अगदी रास्त होती.

मात्र ‘दमवल्यामुळे हरले’ हे तुमचे वाक्य मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. थिबोडो यांचे नाव निघाले की लोकांना २८ एप्रिल २०१२चा दिवस आठवतो. फिलाडेल्फियाविरुद्ध बुल्स १२ गुणांनी पुढे होते, सामन्याचे सव्वा मिनिट उरले होते आणि त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू डेरिक रोझ अजून कोर्टवर होता. त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तिथे तुटला आणि एका विलक्षण कारकिर्दीची दिशा बदलली. त्याला तेव्हा बाहेर घ्यायला हवे होते असे मलाही वाटते. पण जास्त मिनिटांमुळेच तो गुडघा गेला, हे त्यावरून कोणीही सिद्ध करू शकत नाही. यंदाच्या निक्सविषयीही तेच. थकवा होता का? बहुधा होता. दहा दहा खेळाडू फिरवत, सतत पळवत ठेवणारा पेसर्सचा खेळ थकलेल्या संघाला सर्वांत जड जातो, यातही शंका नाही. पण हरण्याचे एकमेव कारण म्हणून थकव्याकडे बोट दाखवले, की बचावात ब्रन्सन आणि टाउन्स यांना पेसर्सनी पुन्हा पुन्हा कसे लक्ष्य केले हा अधिक अवघड प्रश्न नजरेआड होतो. आणि तो प्रश्न मिनिटांचा नाही. तो संघबांधणीचा आहे, व्यवस्थापनाचा आहे.

तुमच्या पत्रात पेसर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्याचा उल्लेख तीनदा येतो, तेव्हा त्याविषयीही थोडे सविस्तर लिहितो. २१ मेच्या त्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, शेवटची पावणेतीन मिनिटे उरली असताना निक्स १४ गुणांनी पुढे होते. मग ॲरन नेस्मिथने शेवटच्या पाच मिनिटांत मिळून तीन गुणांच्या सहा फेकी घातल्या, निक्सचे फ्री थ्रो हुकले आणि अखेरच्या क्षणी टायरीस हॅलिबर्टनने मारलेला चेंडू कडीच्या मागच्या बाजूवर आपटून उंच उडाला आणि सरळ आत पडला. त्याचे पाऊल तीन गुणांच्या रेषेवर होते म्हणून दोनच गुण मिळाले, १२५-१२५ अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत पेसर्स १३८-१३५ असे जिंकले. मला सांगा, यात सुरुवातीच्या फळीचा दोष नेमका कुठे? उलट त्याच चौथ्या पावात पाच फाउल झाल्यामुळे (सहाव्याला खेळाडू बाद होतो) ब्रन्सनला बाकावर बसावे लागले होते, आणि निक्सची आघाडी फुगली ती तो बाहेर असताना. बाकावरच्या खेळाडूंबद्दलचे तुमचे म्हणणे यातून बळकटच होते. पण शेवटच्या तीन मिनिटांत जे झाले त्यात प्रशिक्षकाचा वाटा टाइमआउट आणि बचावाच्या सूचनांपुरता होता. बाकीचे नेस्मिथचे असामान्य हात आणि कडीवरून उडालेला एक चेंडू. तो चेंडू इंचभर पुढे आपटला असता तर तुम्ही त्या रात्री त्याच पाच जणांचे, त्याच मिनिटांचे आणि त्याच थिबोडोंचे कौतुक करत झोपला असता. निर्णय तोच, माणसे तीच, आणि मत मात्र उलटे. तुमच्या रागाचा हा भाग सोडून देण्यासारखा आहे, कारण तो प्रशिक्षकावरचा राग नाहीच. तो हुकलेल्या विजयाचा शोक आहे आणि त्याला कोणीतरी समोर हवे होते.

ओघात एक गोष्ट सांगतो, कारण संतापाच्या भरात ती तुमच्या पत्रातून सुटली आहे. थिबोडो २०२० मध्ये आले तेव्हा निक्स सलग सात मोसम प्लेऑफपासून, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीपासून, दूर होते. २०१८-१९ मध्ये त्यांनी ८२ पैकी १७ सामने जिंकले होते. पुढच्या पाच मोसमांत हा संघ चार वेळा प्लेऑफला गेला, सलग दोन मोसम पन्नास किंवा त्याहून अधिक विजय मिळाले, आणि १९७३ नंतर विजेतेपद न पाहिलेल्या शहराला पुन्हा आशा वाटू लागली. हे घडले ते ज्या स्वभावामुळे, तोच स्वभाव तुम्हाला खुपत होता : ठरलेली माणसे, ठरलेली शिस्त, रोज रात्री तेवढीच तीव्रता, साखळीतला एकही सामना सोडायचा नाही. हरायची सवय लागलेल्या संघाला असा माणूस उभा करतो. विजेतेपदाच्या उंबरठ्यावरच्या संघाला मात्र मार्चमध्ये चार सामने गमावून नवे काही शिकवणारा माणूस लागतो. त्यांना काढण्याचा निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात. मला तो कठोर वाटला, पण अनाकलनीय वाटला नाही. त्यांच्यावर टीका करताना हा पाच वर्षांचा हिशेब जमेस धरला, तर टीका बोथट होत नाही. ती नेमकी होते.

आता घराकडे वळतो. तुमच्या पत्रातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे : मुलाच्या अंगावर हल्ली हार्टची जर्सी दिसत नाही. मुलगा तुमच्या आवाजामुळे खोलीत गेला असे तुम्ही आणि पत्नी दोघेही धरून चालला आहात. मला ते अर्धेच कारण वाटते. त्याचा आवडता खेळाडू हार्ट आहे, आणि गेले पाच महिने त्याने दर सामन्याला वडिलांच्या तोंडून ‘हार्टला बसवा’ हेच ऐकले आहे. तुमच्या मनात त्या शब्दांमागे प्रतिस्पर्ध्यांचा सेंटर, टाउन्सची जागा, ब्रन्सनची वाट असे सगळे चित्र असते. त्याला ऐकू येते ते एवढेच, की बाबांच्या मते हार्ट कुचकामी आहे. तो आवडता खेळाडू निवडताना त्याने काय पाहिले असेल याचा विचार करा. साडेसहा फूटही उंची नसलेला हा गडी सामन्यामागे सरासरी ९.६ रिबाउंड, म्हणजे फेक हुकून परतलेले चेंडू, घेतो, आपल्यापेक्षा अर्धा फूट उंच माणसांच्या गर्दीतून चेंडू काढून स्वतःच पळत सुटतो, आणि पडला तरी पहिला उठतो. १४ वर्षांच्या, अजून पुरेशी उंची न आलेल्या मुलाला असा खेळाडू का आवडतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळायला हवे.

म्हणून पहिले काम हे करा. एखाद्या सुटीच्या दुपारी, सामना नसताना, फेब्रुवारी-मार्चमधल्या निक्सच्या एखाद्या सामन्याची पाच-सात मिनिटांची चित्रफीत त्याच्याबरोबर बसून पाहा. आवाज बंद ठेवा. त्याला फक्त एवढेच विचारा की समोरच्या संघाचा सर्वांत उंच खेळाडू कोणाच्या अंगावर उभा आहे आणि ब्रन्सन घुसतो तेव्हा तो कुठे असतो. उत्तर तुम्ही देऊ नका. त्याला ते दोन-तीन खेपांत दिसेल, आणि दिसले की त्याच्या लक्षात येईल की वडिलांचे भांडण हार्टशी नव्हते, पाच जणांच्या जुळणीशी होते. मग तिसरा सामना लावा, ज्यात हार्ट बाकावरून आला. तो त्याही रात्री भरपूर वेळ खेळला, तितक्याच जिद्दीने खेळला, आणि जागा गेल्याबद्दल त्याने जाहीरपणे कुरकुर केली नाही. हे तुम्ही मुलाला आवर्जून बोलून दाखवा, कारण तुमच्या तोंडून हार्टची स्तुती त्याने फार दिवसांत ऐकलेली नाही.

दुसरे, सामना चालू असतानाचे बोलणे. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. तिथे अकरा जण नाणेफेकीला ठरतात, त्यावरचा वाद पहिल्या षटकापर्यंत संपतो आणि पुढे आपण खेळ पाहू लागतो. बास्केटबॉलमध्ये बदल अमर्याद असतात, दर दोन-तीन मिनिटांनी कोणीतरी आत येतो, कोणीतरी बाहेर जातो, आणि निवड समितीची बैठक जणू अडीच तास चालूच राहते. प्रत्येक बदलावर मत व्यक्त करायचे ठरवले तर खेळ पाहायला वेळच उरत नाही. यावर मी सुचवतो तो उपाय साधा आहे, पण प्रामाणिकपणे पाळावा लागेल. चौथा पाव सुरू होण्याआधीच्या विश्रांतीत तुम्ही आणि मुलगा दोघांनी आपापल्या कागदावर शेवटच्या पाच मिनिटांसाठीचे पाच जण लिहायचे आणि प्रत्येक नावापुढे एका वाक्यात कारण द्यायचे. कागद उलटा ठेवायचा. सामना संपेपर्यंत बदलाविषयी एक शब्दही काढायचा नाही. संपल्यावर दोन्ही कागद उघडायचे आणि प्रशिक्षकाच्या पाचांशी ताडून पाहायचे. निकाल कळण्याआधी लिहिलेले मत हेच खरे मत. निकालानंतर सुचलेले शहाणपण या कागदावर येऊच शकत नाही. तुमचे निरीक्षण चांगले आहे, त्यामुळे पुष्कळदा तुम्ही बरोबर निघाल. काही वेळा मुलगा बरोबर निघेल, आणि तेव्हा तसे स्पष्ट म्हणा.

तुमच्या पत्नीच्या वाक्याला मी काही उत्तर देत नाही, कारण ते बरोबर आहे. त्यांना तसे सांगा.

राहिला नवा मोसम. नवा प्रशिक्षक कोणीही असो, त्याची परीक्षा मोठ्या सामन्यांत पाहू नका. नोव्हेंबरातल्या एखाद्या सामान्य संघाविरुद्धच्या सामन्यात दुसऱ्या पावाची पहिली चार-पाच मिनिटे पाहा, जेव्हा मुख्य खेळाडू विश्रांती घेतात. तिथे बाकावरून येणाऱ्या माइल्स मॅकब्राइडच्या हाती चेंडू किती वेळ राहतो, रॉबिन्सन आणि टाउन्स एकत्र किती मिनिटे दिसतात, नवख्या मुलाकडून चूक झाल्यावर त्याला लगेच बाहेर बोलावतात की आणखी दोन खेपा खेळू देतात, याची नोंद ठेवा. मेमध्ये त्या प्रशिक्षकाकडे कोणते पर्याय असतील हे त्याच मिनिटांत ठरत असते. फेब्रुवारीपर्यंत तिथे काहीच हालचाल दिसली नाही, तर तुमच्या रागाला पक्का आधार असेल, आणि तेव्हा मला पुन्हा पत्र लिहा. सोबत मुलाचा कागदही पाठवलात तर तो मी आधी वाचेन.